सासऱ्यांच्या फोनचं कुलूप

मोबाइलमध्ये नखाएवढी एक चिप असते. फोनचं कुलूप तीच सांभाळते आणि ती कुणाचंही ऐकत नाही. चोराचं नाही, पोलिसांचं नाही, ती बनवायच्या नोकरीत असलेल्या माझंही नाही. पुण्याहून हैदराबादला आल्यापासून हे मी सासरच्या प्रत्येक पंगतीत ऐकवलं आहे. सासरे एकनाथराव ते भक्तिभावाने ऐकत. म्हणून त्यांचा फोनही मीच लावून दिला. दहा वेळा नंबर चुकला की सगळं पुसलं जाईल, ही सोयसुद्धा माझीच!

सासरे गेले. फोन ज्या बोटाने उघडायचा ते बोटही गेलं. उरला चार आकडी नंबर, आणि तो कुणाला ठाऊक नव्हता.

त्या फोनमध्ये त्यांचा आवाज होता. वर्षभर ते रोज दुपारी गच्चीवर बसून फोनशी बोलत. "गंगू, तुझ्यासाठी बोलून ठेवतोय," एवढंच सासूबाईंना सांगितलेलं. तेराव्याची जेवणं झाल्यावर सासूबाई म्हणाल्या, "सारंगराव, तुमची ती चिप आहे ना, तिला सांगा. एकदा ऐकवू दे म्हणावं."

मी तिला काय सांगणार, कपाळ.

मेहुणा प्रशांत पुढे सरसावला. "बापूंचा नंबर म्हणजे माझं जन्मसाल. मी थोरला." चुकलं. मग माझी बायको तेजश्री. "बापूंची लाडकी कोण, ते अख्ख्या अंबरपेठेला माहीत आहे." तेही चुकलं. मग बापूंचं स्वतःचं साल, त्यांच्या लग्नाचं, नोकरीचं, निवृत्तीचं, घर बांधल्याचं, नातीचं. दर चुकीनंतर फोन आधीपेक्षा जास्त वेळ रुसून बसायचा आणि तेवढ्यात बहीणभावांचं पुन्हा वाजायचं. मीही हळूच माझं साल टाकून पाहिलं. जावयाला थोडी आशा असतेच.

नऊ चुका झाल्या.

"आता कुणी हात लावायचा नाही," मी म्हणालो. "आणखी एक चुकली की बापूंचा आवाज कायमचा गेला."

"कायकू असली चिप बनवता, भावजी?" प्रशांत रडकुंडीला आला होता.

कोपऱ्यातून सासूबाई म्हणाल्या, "तेराशे अठ्ठावन्न टाका."

"आई, असलं कुठलं साल असतं?" तेजश्री म्हणाली.

"माझं आहे. माझे वडील निजामाच्या वेळचे पटवारी. त्यांच्या दप्तरात शेतसाऱ्याचं फसली साल चालायचं, इंग्रजीच्या पाचशे नव्वद वर्षं मागे. माझा जन्मही त्याच सालाने लिहिलाय."

"मग इतका वेळ बोलली का नाहीस?"

"तुम्ही सगळे इतक्या खात्रीनं सांगत होतात. मला वाटलं, तुमच्यापैकीच कुणाचं तरी असेल. आता माझंच उरलंय. आणि मला विचारलं कुणी?"

मी ते चार आकडे दाबले. फोन उघडला.

पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये सासरे खाकरले. "गंगू, हे चालू झालं का गं? हौ, झालं. सारंगराव म्हणाले, घरात कुणालाच माहीत नाही असा नंबर ठेवा. मी तुझं साल ठेवलं. पोरांना हवा असेल तर तुला विचारतील."

सासूबाईंनी फोन कानाशी धरला आणि डोळे मिटले. आम्ही तिघं खाली मान घालून बसलो.

पंगतीत चिपवर बोलणं मी तेव्हापासून सोडलं आहे. सासूबाईंचा वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो, ते मात्र अजून विचारायचं राहिलंय.