झिपरूभाऊचं नाक आणि हार घातलेला भोपळा

एका जंगलात, बाळांनो, एक अस्वल राहायचं. झिपरूभाऊ त्याचं नाव. काळंकुळकुळीत, केसाळ आणि मोहाच्या फुलांचं भारी वेडं. त्याच्या नाकाच्या शेंड्यावर एक चामखीळ उगवली होती.

त्याची बायको भुरी म्हणाली, "अहो, पुतण्याच्या लग्नात हे नाक घेऊन मिरवणार का? नव्या दवाखान्यात लेझर आलंय म्हणे. जाऊन या."

झिपरूभाऊ घाबरला. नाक भाजलं तर मोहाचा वास कसा येणार? अस्वलाचं नाक गेलं की पोटही गेलंच. पण बायकोपुढे कुणाचं चालतं? निघाला बिचारा.

दवाखान्यात काटेकर साळिंदर बसले होते. फार शिकलेले. लेझर मारल्यावर अंगात उष्णता कुठवर पोचते, चटका किती बसतो, याचं गणित त्यांनी मांडलं होतं. त्यांचं तोंड कायम संगणकाच्या पडद्याकडे आणि पाठ रुग्णाकडे. रुग्णाकडे पाहिलं की आकड्यांवरचं लक्ष उडतं, म्हणून दवाखान्याची तशी शिस्तच होती.

"घाबरू नका," काटेकर म्हणाले. "सगळं आधीच मोजलंय."

"माझं नाक मोजलंत?"

"नाकाची गरज नाही. सोयीसाठी आम्ही अस्वल म्हणजे भोपळा असं धरलंय. गोल, गुळगुळीत, आतून सगळीकडे सारखा."

कोपऱ्यात खरंच एक पिवळा भोपळा होता. त्याच्या गळ्यात झेंडूचा हार होता. भोपळ्याला गळा नसतो, एवढं मलाही कळतं. गुपचूप ऐका.

"अहो, पण मला केस आहेत. काळे आहेत. काळं जास्त तापतं, हे माझ्या पिल्लांनाही ठाऊक आहे."

"केस गणितात धरलेले नाहीत."

"आणि रक्त? ते तर सारखं पळत असतं. जाताना उष्णताही घेऊन जात असेल की!"

"पळणारं रक्त धरलं की उत्तरच निघेना. म्हणून काढून टाकलं."

झिपरूभाऊने चटकन छातीवर पंजा ठेवून पाहिला. रक्त होतं जागेवर.

इतक्यात चर्रर्र आवाज झाला.

"आई गं! भाजलं!"

"नाही भाजलं," काटेकर पडद्याकडे बघत म्हणाले. "तुम्हाला कोमट वाटतंय."

"अहो, जळका वास येतोय!"

"वास गणितात नाही. आणि ही नुसती चाचणी होती. आता खरा झोत, दसपट. ओरडू नका. ओरडलात की आकडे हलतात."

दसपट म्हणजे नाकाचा कोळसाच. झिपरूभाऊने दाराकडे पाहिलं. मग भोपळ्याकडे पाहिलं. अस्वल आळशी असतं, मूर्ख नसतं. तो हळूच उठला, भोपळा खुर्चीत ठेवला आणि स्वतः खुर्चीमागे दडून बसला.

झोत सुटला. भोपळ्याने हूं की चूं केलं नाही. पडद्यावरचा आकडा आणि गणितातला आकडा तंतोतंत जुळले. काटेकरांचे डोळे भरून आले.

"असा समंजस रुग्ण जन्मात पाहिला नाही!" ते म्हणाले आणि मागे न वळताच त्यांनी दाखला पुढे केला. त्यावर लिहिलं होतं, 'चामखीळ गेली. नाक उत्तम.'

घरी भुरीने आधी दाखला पाहिला, मग नाक पाहिलं.

"अहो, चामखीळ तर आहे तिथंच आहे!"

"ती गणितात नाही," झिपरूभाऊ म्हणाला आणि त्याने काखेतून भोपळा काढला. छान शिजला होता. दोघांनी मिटक्या मारत खाल्ला.

लग्नात सगळ्यांनी दाखला वाचला आणि नाकाचं तोंडभरून कौतुक केलं. चामखिळीवर माशी बसली होती, पण दाखल्यापुढे माशीचं कोण ऐकतं? खरी गोष्ट झिपरूभाऊने फक्त जवळच्या पाहुण्यांना सांगितली. म्हणजे सगळ्यांना.

तेव्हापासून त्या दवाखान्यात एकही रुग्ण ओरडलेला नाही.

तात्पर्य: शास्त्रावर पूर्ण विश्वास ठेवावा. मात्र उपचाराला जाताना भोपळा घरून न्यावा. दवाखान्यातला आधीच्या रुग्णाने खाल्लेला असतो.