कोठीवरची तार आणि कावळ्याचा अहवाल

एका जंगलात, बाळांनो, यंदा ज्वारी इतकी पिकली की जुन्या कणग्या तोंडापर्यंत भरल्या. मग अस्वल सरपंचांनी पत्र्याची नवी कोठी बांधली. चांगली ताडाएवढी उंच. आणि बांधली कुठे? बरोबर विजेच्या तारांखाली! का, तर कोठीवर दिवा लावायला वायर कमी लागेल. आता बोला!

कोठी भरायचं काम केरबा वानराचं. लांबलचक लोखंडी नळा उभा करायचा, कोठीच्या तोंडाला लावायचा आणि त्यातून ज्वारी वर चढवायची. केरबानं मान वर केली. नळ्याचं टोक आणि तार यांच्यात वीतभरही जागा उरत नव्हती. तो तडक सरपंचांकडे गेला. घरी बायको आणि तीन कच्चीबच्ची पोरं होती.

"सरपंच, कोठी वीस पावलं सरकवा. नळा तारेला लागला तर माझा जीव जाईल."

"तार काय चावते का रे?" सरपंच खो खो हसले. "बरं, समिती नेमू. तारेचा अनुभव असलेल्यांचीच नेमू. मग तर झालं?"

समितीवर आले कावळा, पारवा आणि साळुंकी. तिघंही जन्मापासून तारेवर बसणारे. त्यांनी जागेची पाहणी केली, म्हणजे सांडलेली ज्वारी खाल्ली. मग कावळ्यानं अहवाल वाचला.

"आमच्या सात पिढ्या या तारेवर बसल्या. कुणाला मुंगी चावल्याइतकंही झालं नाही. तार निर्धोक आहे. केरबा कामचुकार आहे."

"अहो, तुमचे पाय जमिनीला लागत नाहीत!" केरबा कळवळून म्हणाला. "मी खाली उभा, हातात लोखंड. वीज माझ्या अंगातूनच जमिनीत उतरणार ना?"

"तू कधी तारेवर बसलायस?" कावळ्यानं विचारलं.

"नाही."

"मग अनुभव नसताना बोलू नये."

सगळं जंगल हसलं. सरपंचांना चेव आला. "हट् भित्र्या! आण तो नळा इकडे." उद्घाटनाचा हार गळ्यात होताच. त्यांनी नळा उभा केला.

काड्‌कन आवाज झाला आणि सरपंच दहा हात लांब जाऊन पडले. दोन्ही पंजे भाजले. अंगावरचे केस उभे राहिले, ते अजून बसलेले नाहीत. जीव तेवढा वाचला, कारण अस्वलाची कातडी जाड असते आणि सरपंचाची त्याहून जाड.

चौकशी झाली. समिती तीच, अनुभवी मंडळी सारखी कुठून आणायची? अहवाल आला, "तारेचा दोष नाही. दोष जमिनीचा. यापुढे नळा उचलताना कुणी जमिनीवर उभं राहू नये."

लगेच हुकूम निघाला. केरबानं उद्याच्या उद्या कोठी भरावी, पाय जमिनीला न टेकवता.

केरबानं नळा समितीपुढे आडवा टाकला. "तुमचे पाय तर जमिनीला लागतच नाहीत. लावा तुम्हीच!"

तिघांनी एकदा तारेकडे पाहिलं. "समितीची मुदत संपली," कावळा म्हणाला आणि तिघं भुर्र उडाले.

केरबानं पोराबाळांसकट पलीकडचं जंगल गाठलं. इकडे त्याच्या जागी दुसरा वानर हवा आहे. अट एकच, त्याला उडता यायला हवं.

तात्पर्य : तार धोक्याची आहे का, हे नेहमी तारेवर बसणाऱ्यालाच विचारावं. खाली उभ्या असलेल्याला विचारलं, तर उगाच कोठी सरकवावी लागते.