भाऊकाकांचा डावा दरवाजा

बिर्ला नगरच्या एखाद्या वर्कशॉपच्या आवारात साठी उलटलेले गृहस्थ दुसऱ्याच्या गाडीवरच्या धुळीत बोटानं तारीख लिहिताना दिसले, तर त्यांना हटकू नका. उलट तुम्हालाच ऐकून घ्यावं लागेल. ते आमचे शेजारी भाऊकाका. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेत. शालूकाकू तीन वर्षांपूर्वी गेल्या, तेव्हापासून एकटेच असतात, आणि वर्षभर गाडीसाठी विमा कंपनी निवडताहेत.

कंपनीची पारख जाहिरातीत होत नाही, धुळीत होते, असं त्यांचं म्हणणं. ठोकलेली गाडी दिसली की चौकीदाराला विचारायचं, "भैया, इसका बीमा किसका?" मग काचेवर कंपनीचं नाव आणि तारीख. आठवड्यानं परत जायचं. तारीख जागच्या जागी असली की कंपनी बाद. एकदा मॅनेजर अंगावर आला, "ये क्या कर रहे हैं आप?" काका उलट त्याच्यावरच चढले, "गाड़ी धो देते, तो मैं लिखता किस पर?"

गेल्या वर्षी नया बाज़ारात उभ्या असलेल्या त्यांच्या जुन्या गाडीचा डावा दरवाजा एका टेम्पोनं चेपला. क्लेम केला. कंपनीनं चार दिवसांत नवाकोरा दरवाजा बसवून दिला. माझ्या साध्या बंपरसाठी दुसऱ्या एका कंपनीनं मला दीड महिना चपला झिजवायला लावल्या होत्या. सर्व्हेअर साहेब आज येतात, उद्या येतात! म्हणून मी काकांचं अभिनंदन करायला गेलो, तर काका लालबुंद.

"अरे, मी दुरुस्त करायला सांगितला होता! बदलायला कोण बोललं? जुना कुठे आहे विचारलं, तर म्हणतात जुना पार्ट कंपनीचा. गाडी माझी आणि दरवाजा यांचा?"

"काका, तुम्ही फॉर्मवर सही केली असेल."

"केली. पण कोणी वाचून दाखवलं का? बारीक अक्षरात दरोडे घालून राहिलेत!"

त्यानंतर चार दिवस ते भंगारवाल्यांकडे दरवाजा शोधत फिरले. मिळाला नाही. तेव्हापासून प्रत्येक कंपनीला त्यांचा एकच सवाल, पार्ट बदललात तर जुना परत देणार का? कोणी चुकून हो म्हटलं, की लगेच, "तोंडी नको, लिहून द्या!" भाजीवाल्यानं भेंडी कोवळी आहे म्हटलं तरी हे लिहून मागतील. काका इतके चिक्कू असतील असं मला वाटलं नव्हतं.

परवा त्यांचा विमा संपायला एक दिवस उरला. नवा घेतला नाही तर गाडी दारातच उभी राहणार. मी वैतागून त्यांना पाटणकर बाजारात माझ्या एजंटकडे बोलावलं. मी ऑफिसातून परस्पर गेलो, ते गाडी घेऊन आले. एजंट भला माणूस. सर्व्हेअर लगेच येईल, वर्कशॉपला खिशातून काही द्यावं लागणार नाही, सगळं त्यानं समजावलं.

"पुराना पार्ट वापस मिलेगा?"

"दादा, नया मिल रहा है, पुराने का क्या करोगे? वो तो कंपनी ले जाती है।"

"तो रखो अपना बीमा!" काका ताडकन उठून खाली गेले.

आता माझंही डोकं फिरलं. खाली जाऊन मी गाडीत त्यांच्या शेजारी बसलो, दरवाजा लावला आणि तोंड सोडलं, "हद्द झाली काका! एका भंगारासाठी लोकांना किती छळाल?"

काका गाडी सुरू करेनात.

"जोरात लाव," ते म्हणाले.

"लागलाय काका. नवा आहे ना."

"माहीत आहे बेटा." त्यांनी समोर पाहत सांगितलं, "तो जुना शालूला एका झटक्यात कधी लागलाच नाही. मी 'जोरात' म्हणायचो, मग ती चिडून दुसऱ्यांदा आपटायची. तो आवाज झाला, की मी चावी फिरवायचो. अठरा वर्षं. या नव्याचा तर आवाजच येत नाही. शेजारी कोणी बसलं की नाही, समजतच नाही."

मला माझीच लाज वाटली. मी परत वर गेलो आणि एजंटला म्हणालो, मालकाला विचारल्याशिवाय या गाडीचा एकही पार्ट बदलायचा नाही, असा अर्ज कंपनीला जाऊ दे. तो म्हणाला, "बोल दूँगा, भाईसाहब।"

"बोलून नाही," मी जवळजवळ ओरडलोच, "लिखकर दो!"

त्यानं लिहून दिलं. कंपनी ते कितपत मानेल, देव जाणे. काकांनी कागद दोनदा वाचला, वर जाऊन विम्यावर सही केली आणि स्टिअरिंगपाशी येऊन बसले. मी शेजारी बसलो आणि दरवाजा ओढून घेतला.

"जोरात," काका म्हणाले.

मी दरवाजा उघडला आणि चिडल्यासारखा दाणकन आपटला. काकांनी चावी फिरवली.