युसुफभाईंचा मोर

युसुफभाईंच्या दुकानात दोघं मिळून गेलात तरी चहा एकच येतो. कप दोघांच्या मधोमध ठेवला जातो. एकानं त्याला तोंड लावलं, की मगच दुसरा सांगायचा. युसुफभाई म्हणतात, "तोवर दोघायचा एकच आहे ना? मंग दुसरा काऊन?" पहिला घोट कोणी घ्यायचा या भिडेपायी धाड गावच्या बाजाराच्या दिवशी तिथे कैक चहा निवून गेले आहेत.

ही विद्या त्यांना कॉम्प्युटरनं दिली. युसुफभाई लग्नपत्रिका करतात. त्यांच्या कॉम्प्युटरवर फाईलची प्रत काढली तरी नवी जागा जात नाही. नावं दोन, माल एकच. एकीत काही बदललं, तर बदललेल्या तुकड्यापुरतीच नवी जागा लागते. युसुफभाईंना तीसुद्धा द्यायची नसते. त्यामुळे सहा वर्षं पत्रिकेवर तोच मोर. नावं, तारीख वेगळ्या पानावर जुळवायची, छापायची आणि पान पुसून टाकायचं. मोराचा एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड आहे. निम्मी गिऱ्हाइकं बुलढाण्याला पळाली, पण मोर काही हलला नाही.

माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा मी अडूनच बसलो. नवा नमुना करा, नाहीतर मीही बुलढाण्याला चाललो. ते म्हणाले, जागा नाही. शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो, मला कसल्या थापा मारता? सरळ माउस हातात घेतला. आत दोनच फोल्डर होती, एक युसुफ नावाचं आणि एक सलीम. सलीम त्यांचा धाकटा भाऊ. दोघं मिळून दुकान चालवायचे. सहा वर्षांपूर्वी भांडण झालं, वाटणी म्हणून सगळ्या कामाची एक प्रत सलीमच्या नावानं निघाली आणि तो मेहकरला निघून गेला. मोर त्याच्याच हातचा.

"सलीमचं पुसून टाका, जागाच जागा होईल," मी म्हणालो.

युसुफभाईंनी माउस हळूच काढून घेतला.

"त्यानं जागा घेतलीच कुठी, सर? दोघायचं अजून एकच आहे. माह्यात नवं काही टाकलं, का आम्ही खरंच वेगळे झालो."

शिकवणारा मी, आणि एवढं मला कळलं नव्हतं. फार लाज वाटली.

मोरच राहू द्या म्हणालो. पत्रिका छापून झाल्या तेव्हा पहिली त्यांच्यापुढे सरकवली आणि सलीमचं नाव घालायला सांगितलं. मेहकरला मी स्वतः नेऊन देणार होतो. त्यांनी नाव लिहिलं, शाई वाळेपर्यंत पत्रिका हातातच धरून ठेवली. मग दाराशी जाऊन, पहिल्या घोटाची वाट न पाहता, दोन चहा सांगितले.