लिलीचे बारा दांडे

खुट्!

पहाटेच्या शांततेत मागच्या दाराची कडी वाजली. मांजर असेल म्हणून मी कूस बदलली आणि चार वर्षांच्या तारूच्या पोटावर हात टाकून पुन्हा झोपले. का नाही झोपणार? आज माझा दिवस होता! मागच्या अंगणात लिलीचे बारा दांडे उभे होते, एकेक माझ्या कमरेएवढा!

भावानं पुण्याहून कंद आणले, तेव्हा ह्यांनी एक हुंगून विचारलं होतं, "कांदे किती निघतील?"

"हसा! एकदा लावले की दरवर्षी फुटतात. नव्या जालन्यातली माणसं लांब दांड्याची फुलं मागायला माझ्या दारात येतील!"

आणि पहिलं गिऱ्हाईक घरातच निघालं की! ह्यांच्या ऑफिसात आज हैदराबादहून मोठे साहेब येणार होते. "गुलदस्ता माझ्याकडून," मी जाहीर केलं. ह्यांनी बाजारातला रद्द केला. लग्नाला सहा वर्षं झाली, पण पोळीभाजीच्या डब्याखेरीज माझ्या हातचं काही त्या ऑफिसात गेलं नव्हतं. आता सगळ्यांना कळणार होतं!

सहा वाजता कात्री घेऊन अंगणात गेले आणि किंचाळलेच. दांडे बाराच्या बारा होते. फूल एकही नव्हतं! जावळ काढलेल्या पोरांसारखे ओळीनं उभे!

संशय थेट शेजारच्या रमाकाकूंवर. उजाडायच्या आत परडी घेऊन गल्ली साफ करणारी बाई! भिंतीवरूनच विचारलं, "काकू, माझी लिली?"

"मी? असली विलायती फुलं मी देवाला वाहत न्हाई! घे झडती!" त्यांनी परडी माझ्यासमोर उपडी केली. आत नुसती जास्वंद. तीही आमचीच होती, पण ते बोलायची ही वेळ नव्हती.

तेवढ्यात आमच्याच घरातून घंटा ऐकू आली.

सासूबाई! आदल्या संध्याकाळीच धावड्याहून आलेल्या. देवघरात धावले, तर देवच दिसेनात. बाळकृष्ण एका लिलीखाली छत्री धरल्यासारखा बसलेला, अन्नपूर्णेचा तर पत्ताच नाही!

"आत्याबाई, हे काय केलंत?"

"काय केलं? येवढी फुलं झाडावर उगंच वाळून राह्यली व्हती. खुडली."

"अहो, दांड्यासकट हवी होती!"

"दांडा? देव काय दांडा हुंगतो का?"

मी मटकन बसून रडायलाच लागले. सासूबाई घाबरल्या. "रडू नको गं माय! सुई-दोरा आण जल्दी. परसादाचा हार करू. साहेबाला गळा तर असंलच की!"

हार मात्र झकास झाला. तो ओल्या फडक्यात गुंडाळून हे स्कूटरवर बसले.

दुपारी परतले तेव्हा चेहरा गंभीर.

"हार आवडला?" मी विचारलं.

"साहेबांनी पांढरी सफारी घातली होती."

"मग?"

"तुझ्या फुलांच्या पोटात ती तांबडी पूड असते ना?"

ती पूड आधी खुडून टाकायची असते. पुस्तकात वाचलं होतं मी, रडण्याच्या नादात विसरले!

"गळ्यापासून बेंबीपर्यंत! शिपाई रामकिसन ओल्या फडक्यानं पुसायला गेला, तर बाह्यासुद्धा रंगल्या. फोटोत साहेब हळदीला बसलेत!"

"साहेब काय म्हणाले?"

"म्हणाले, 'भालचंद्रराव, पुढच्या वेळी विकतचा आणा.'"

"बराबर हाय," सासूबाई खूश झाल्या. "मंग पुढल्या वर्षीची सगळी देवाला!"

इतका वेळ धरलेलं माझं तोंड सुटलं. "देवाला काय, कुठलंही फूल चालतं! साहेबांसाठी राखली होती ती!"

कोपऱ्यात तारू बसली होती, आजीनं कानामागं खोवलेली, हारातून उरलेली लिली सावरत. नाक तांबडं, गाल तांबडे. तिनं मोठ्ठे डोळे करून माझ्याकडं पाहिलं.

"आई, साहेब देवापेक्षा मोठा असतो का गं?"

सासूबाई माझ्याकडं बघू लागल्या. हे छताकडं. मी झारी उचलली आणि बारा बोडक्या दांड्यांना पाणी घालायला अंगणात गेले. तारू पाठोपाठ आलीच.

"सांग ना गं, आई!"