लक्ष्मणभाऊंची कॅसेट आणि कडुनिंबाचा पाला

आमच्या शेजारचे लक्ष्मणभाऊ प्रत्येक गोष्टीत कडुनिंबाचा पाला घालत. गव्हाच्या कोठीत सगळेच घालतात हो, मीही घालते. पण भाऊंच्या घरी रेशनकार्डात पाला, सतरंजीच्या घडीत पाला, रेडिओच्या पाठीमागंही पाला. पांढुर्ण्याच्या बाजारात कडवट वास आला की ओळखावं, भाऊ आले. डोक्यावरची टोपी उजव्या कानावर कललेली, आणि तोंडी एकच, "बंदोबस्त पहिलेच केलेला बरा, वहिनी!"

तर या भाऊंनी लेकीच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पाल्यासकट डब्यात घालून गव्हाच्या कोठीत ठेवली होती. घरी व्हीसीआर नव्हताच. एकदा जावयाकडं पाहिली, मग म्हणे, "चालवली का घासते. राहू द्या गव्हात." लग्नानंतर आठ महिन्यांनी त्यांची बायको, कमलाबाई, तापानं गेली. पुढं तीन पावसाळे त्या कॅसेटला कोणी हात लावला नाही.

मग लेकीचं पत्र आलं, कॅसेट पाठवा. भाऊंनी कोठीत हात घातला आणि कुंपणावरून ओरडले, "वहिनी! लवकर या वो! हिले बुरशी लागली!"

पाहते तर काळ्या पट्टीवर पांढरी बुरशी. डब्यात काळा पडलेला पाला. धान्यात घालायचा पाला आपण सावलीत वाळवून घेतो. भाऊंनी घाईघाईत हिरवाच दाबला होता आणि वरून घट्ट झाकण. आणि पाला कुठला, तर माझ्या अंगणातला, माझ्याच हातानं तोडून दिलेला! "वाळवा बरं" एवढं म्हणायला माझ्या तोंडाला काय झालं होतं? एरवी तर ते बंद होत नाही.

सौंसरला मनोहर नावाचा एक व्हिडिओवाला होता. दोन मशिनी जोडून जुन्या कॅसेटवरचं नवीवर उतरवून द्यायचा. सकाळच्या बसनं निघालो. भाऊंनी कॅसेट टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरलेली. खड्डा आला की ड्रायव्हरला ओरडायचे, "हळू घे न बाप्पा, जनानी सवारी हाये!" ड्रायव्हर आरशातून माझ्याकडं बघे. त्या बिचाऱ्याला काय ठाऊक, भाऊ माझ्याबद्दल बोलत नव्हते.

मनोहरनं स्क्रू उघडले, कापसानं पट्टी पुसली आणि मान हलवली. "काकाजी, एकडाव चालन. मधात लाइन गेली अन् पट्टी गुतली, त खतम."

"लाइन कधी जाते इथं?" भाऊंनी विजेच्या बोर्डाकडं बघत विचारलं.

"तिले विचारा न. मले सांगून थोडीच जाते!"

मशिनी सुरू झाल्या. टीव्हीवर मांडव आला, हळद आली, लेक लाजली. भाऊ तिकडं बघतच नव्हते. मान वर करून छताचा पंखा बघत होते. "पंखा फिरून राहिला तोवर लाइन हाये," म्हणाले. पंखा जरा मंद झाला की मी मनोहरच्या तोंडाकडं बघे. मी पदराला गाठ मारत होते, सोडत होते, पुन्हा मारत होते.

"कमलाबाई कधी दिसते हो?" मी हळूच विचारलं.

"वरात दारात आली का मंग. एवढुसीकच हाये."

वरात दारात आली आणि टीव्हीभर पांढरे पट्टे पसरले. मनोहर मशीनवर वाकला. "बुरशी इथंच जास्त हाये, काकाजी..." भाऊ हलले नाहीत. मला वाटलं, आता ही कॅसेट अडकते आणि सगळं पाप माझ्या पाल्याच्या माथी. इतक्यात त्या पट्ट्यांमधून आवाज आला, रोज सकाळी कुंपणापलीकडून यायचा तोच, "अवो, टोपी सरळ करा न! पाव्हणे पाहून राहिले!"

भाऊंची नजर पंख्यावरच होती. हात तेवढा वर गेला, आणि टोपी सरळ झाली.

कॅसेट शेवटपर्यंत चालली. मनोहर ओशाळून म्हणाला, "काकाजी, तेवढ्या जागी फोटो नाही आला."

"आवाज आला न?"

"आवाज साफ हाये."

"झालं मंग."

परतीच्या बसमध्ये भाऊ खिडकीशी बसले, नवी कॅसेट मांडीवर. वाऱ्यानं टोपी हळूहळू कलत पुन्हा उजव्या कानावर आली. माझ्या अगदी ओठावर आलं होतं, भाऊ, टोपी. मी अशी बडबडी बाई. पण गप्प बसले. ते सांगणं माझं नव्हतं.