नानांची मोडी

नाना कंपाउंडर रोग्यांचे कागद मोडी लिपीत लिहीत. माणूस चंद्रावर जाऊन आला होता, आणि पिंपरीतल्या आमच्या ओतकाम कारखान्याच्या दवाखान्यात पेशव्यांचं दप्तर चालू होतं. कोणाला काय झालंय ते दुसऱ्या कोणाला वाचता येऊ नये, एवढाच हेतू. खोकणारे कामगार शोधून घरी बसवायचे म्हणून लेबर ऑफिसरने एका निवृत्त मास्तरांना कागद वाचायला आणलं. मास्तरांनी चष्मा पुसला आणि गंभीरपणे वाचलं, "दोन बैल, एक विहीर."

"अक्षर वाईट हाय माझं," नाना म्हणाले.

कोणाची काही खबर देत नसल्यामुळे त्यांना चहाला कोणी बोलावत नसे. कँटीनमध्ये ते एकटेच बसत.

ऑफिसरची जिरली म्हणून मी खूश होतो. मग संघटनेतर्फे तेच कागद मागायला मी नानांकडे गेलो. ग्राइंडिंग खात्यातल्या बाराही जणांच्या छातीत धूळ बसत होती. माझे वडील, आबा, त्यांतलेच. पण सभांच्या गडबडीत त्यांची-माझी गाठच पडत नसे. हा कारखान्याचा रोग आहे असं लिहून द्यायला पुण्याचे एक डॉक्टर तयार होते. त्यांना जुने कागद हवे होते.

"नाना, कामगारांच्या जिवाचा प्रश्न आहे."

"जीव त्यांचा. त्यांना इचारलंस?"

"संघटना म्हणजेच कामगार. वेगळं काय विचारायचं?"

"मंग खोकला संघटनेला येतो का?"

मी पत्रक काढलं : 'मालकाचा मोडीबहाद्दर'. नानांनी ते स्वतःच दवाखान्याच्या दारावर चिकटवलं. "झ्याक लिव्हतोस, पुढारी."

पुढे पंधरा दिवस पाळी सुटली की नाना सायकलवर. पुनावळ्यापासून निघोज्यापर्यंत घरोघर गेले. ज्याचा कागद त्याला वाचून दाखवला, द्यायचा का ते विचारलं, सही नाहीतर अंगठा घेतला, आणि बाळबोध अक्षरात नक्कल केली. गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. मी मोजले. अकरा.

"बारावा?"

"त्यानं न्हाई म्हटलं."

"कोण तो भेकड? नाव सांगा, मी बघतो त्याच्याकडे."

मीच नावं एकेक करून वाचली. आबांचं नव्हतं.

"नाना, आबांच्या छातीत कितपत आहे?"

"न्हाई म्हटलंय त्यानं," ते म्हणाले, माझ्याकडे न बघता. मग माझ्या खांद्यावरची पत्रकांची पिशवी काढून त्यांनी आपल्या सायकलला अडकवली.

"गेटवर मी वाटतो. तू आज घरी जेव."